हिवाळ्यात कामावर जाण्याचा रस्ता: मिशिगनमधील माझा अनुभव

2023 च्या जानेवारीतील एका सकाळी आय-75 या हायवेवरून आय-696 या दुसऱ्या हायवेकडे वळणाऱ्या उड्डाणरस्त्यावर माझी गाडी कोणी बाजूने ढकलत असल्यासारखी अगदी सावकाश शेजारच्या लेनमध्ये सरकली. रस्ता पांढरा नव्हता, नुसता ओला दिसत होता. मागून येणारा ट्रक पुरेसा लांब होता, त्याने एकदा जोरात हॉर्न वाजवला आणि तेवढ्यावरच निभावले. कार्यालयाच्या पार्किंगमध्ये पोहोचल्यावर मात्र स्टिअरिंगवरून हात काढायला मला काही मिनिटे लागली. खंबाटकी घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेली मी, पण पायाखालचा रस्ता आहे आणि तरीही नाही, हा अनुभव सांगलीकडच्या माणसाला कुठून असणार?

तेव्हा मला मिशिगनमध्ये येऊन पाच महिने झाले होते. घर ट्रॉय शहरात, क्रुक्स आणि बिग बीव्हर या रस्त्यांच्या जवळ होते आणि कार्यालय साउथफील्डमध्ये, ट्वेल्व्ह माइल आणि एव्हरग्रीनच्या चौकापाशी. डेट्रॉइटच्या या उत्तरेकडील उपनगरांत मैलामैलावर आडवे-उभे रस्ते आखलेले आहेत. आडव्या रस्त्यांची नावेच थर्टीन माइल, फोर्टीन माइल अशी आहेत, तर बिग बीव्हर म्हणजे सोळावा मैल आणि मेपल म्हणजे पंधरावा. त्यामुळे मनातल्या मनात हिशेब करता येतो: मला चार मैल दक्षिणेला आणि चार मैल पश्चिमेला जायचे होते. रस्ता दाखवणारे ॲप मात्र आधी आय-75 ने खाली नेऊन मग आय-696 ने पश्चिमेला वळवीत असे, म्हणजे जवळपास दुप्पट अंतर, आणि वाचत होती कशीबशी सहा-सात मिनिटे.

हायवे टाळायचे ठरवल्यावर पहिली गोष्ट मी अर्थातच चुकीची केली. ॲपमध्ये हायवे टाळण्याचा पर्याय निवडला आणि ते दाखवील त्या वाटेने निघाले. दोन आठवड्यांत त्याने मला चार वेगवेगळ्या वाटांनी नेले. त्यांतील एक वाट वस्तीच्या आतल्या गल्ल्यांतून जात होती आणि तिथे आदल्या दिवशीच्या बर्फाच्या घट्ट चाकोऱ्या झाल्या होत्या. गर्दी कुठे आहे हे ॲपला कळते, पण रस्त्यावरचा बर्फ कधी काढला हे त्याला कळत नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे, तीस हिवाळे इथे काढलेले एक निवृत्त काका म्हणाले, "अगं, घरात बसून रस्ता शोधू नकोस. रविवारी सकाळी गाडी काढ, मी येतो बरोबर."

काकांनी सर्वांत आधी समजावले ते बर्फ काढण्याच्या क्रमाविषयी. प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारे पाते, लावलेले ट्रक आधी फ्रीवेवर, म्हणजे आय-75 सारख्या सिग्नल नसलेल्या हायवेवर जातात, मग वर्दळीच्या मोठ्या रस्त्यांवर, त्यानंतर कमी वर्दळीच्या रस्त्यांवर आणि वस्तीतल्या गल्ल्यांचा क्रमांक अगदी शेवटी लागतो. त्यामुळे हायवे टाळणे म्हणजे सर्वांत लवकर साफ होणारा रस्ता सोडणे, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. यावर मी बराच विचार केला. फ्रीवेवर समोरून वाहने येत नाहीत आणि चौकही नसतात, हेही खरेच आहे. पण तिथे ताशी 70 मैलांची मर्यादा असते, बर्फातही मागचा माणूस 60 च्या खाली यायला तयार नसतो आणि काही बिनसले तर पुढच्या एक्झिटपर्यंत सुटका नसते. मला हवा होता तो असा रस्ता, जिथे घसरलेच तर 30 च्या वेगात घसरेन आणि घाबरले तर उजवीकडे वळून एखाद्या दुकानाच्या आवारात थांबू शकेन. शिवाय पूल नकोत, कारण पुलाला खालून जमिनीची ऊब मिळत नाही आणि आसपासचा रस्ता नुसता ओला असतानाही पुलावर काचेसारखा पारदर्शक थर, म्हणजेच ब्लॅक आइस, धरलेला असतो.

त्या रविवारी आम्ही तीन वाटा पाहिल्या. बिग बीव्हरने पश्चिमेला जाऊन वुडवर्ड ॲव्हेन्यू धरायची, ही पहिली वाट लगेच बाद झाली. वुडवर्ड रुंद आहे आणि चांगला साफ होतो, पण तिथे मधोमध दुभाजक असल्यामुळे डावीकडे जायचे असेल तर चौक ओलांडून पुढे जावे लागते, दुभाजकातील फटीतून उलटे फिरावे लागते आणि मग भरधाव लेनमध्ये शिरावे लागते. याला इथे 'मिशिगन लेफ्ट' म्हणतात. प्लाऊने लोटलेला बर्फ नेमका त्या फटीच्या तोंडाशी साचतो आणि जिथून चटकन वेग घ्यायचा, तिथेच चाके जागच्या जागी फिरत राहतात.

दुसरी वाट मेपलने बर्मिंगहॅम गावातून क्रॅनब्रुक रोडला आणि तिथून एव्हरग्रीनला जाणारी होती. ती इतकी सुंदर आहे की मला तीच घ्यायची होती. पण गावाबाहेर पडताच मेपल रूज नदीच्या पात्राकडे उतरतो, आणि उतारावर पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले की आपल्या हाती काहीच उरत नाही. पुढे दाट झाडांच्या सावलीमुळे रस्त्यावरचा बर्फ दुपारपर्यंत सुटत नाही. काका एवढेच म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये ये इथे, पाने बघायला."

तिसरी वाट रटाळ होती: कूलिज हायवेने सरळ दक्षिणेला जायचे आणि ट्वेल्व्ह माइलवर उजवीकडे वळायचे. नावात हायवे असला तरी तो सिग्नल असलेला साधा रस्ता आहे. उतार जवळपास नाहीत, वुडवर्ड सिग्नलवर सरळ ओलांडता येतो, दुतर्फा दुकाने आहेत आणि जाताना अवघड असे डावे वळण एकही नाही. काकांच्या सांगण्यावरून मी चौकांकडे मुद्दाम लक्ष दिले. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांची चाके निघताना फिरून फिरून तिथला बर्फ घासून गुळगुळीत करतात, त्यामुळे थांबण्याच्या रेषेआधीची जागा सर्वांत निसरडी असते. एका रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी मला ताशी 15 मैलांवरून जोरात ब्रेक दाबायला लावला. पायाखाली पेडल खडखडले, आणि मी दचकून पाय उचलताच ते ओरडले, "उचलू नकोस, ते एबीएस आहे, चाके अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा, त्याला त्याचे काम करू दे."

वाट ठरल्यावर चार हिवाळी टायर घेतले. खर्च जिवावर आला, कारण मिशिगनमध्ये ते सक्तीचे नाहीत. पण साध्या टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते आणि इथे नोव्हेंबरपासूनच त्याखालचे दिवस सुरू होतात. डोंगर आणि हिमकणाची खूण पाहून टायर घ्यावेत, हेही मला तेव्हाच कळले.

मिठाचेही एक गणित आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे 1,200 फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे आणि तिथले मीठ रस्त्यांवर पडते. पण पारा उणे 9 च्या आसपास गेला की इथले रस्ते खाल्ल्या मिठाला जागत नाहीत, कारण तेवढ्या थंडीत मिठाने बर्फ फारच हळू विरघळतो. म्हणून मी रात्री हिमवृष्टीच्या अंदाजाबरोबर पहाटेचे तापमानही पाहते. शिवाय पहाटे शाळांना सुट्टी जाहीर झाली का, तेही पाहते. शाळांचे अधिकारी पिवळ्या बस धावू शकतील का याचा विचार करून निर्णय घेतात आणि त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा नक्कीच चांगला असतो. शाळा बंद असतील तर मी घरूनच काम करते. ही मुभा मला वरिष्ठांकडून मागून घ्यावी लागली आणि मागताना उगाच संकोच वाटला.

आता या वाटेने तिसरा हिवाळा सुरू आहे. कोरड्या दिवशी 25 मिनिटे लागतात, बर्फात 45. ट्रॉय, रॉयल ओक, बर्कली, साउथफील्ड अशा हद्दी बदलल्या की रस्त्याचा रंगही बदलतो, कुठे काळा, कुठे राखाडी. पुढे मीठ टाकणारा ट्रक असेल तर मी घाई न करता त्याच्या बऱ्याच मागे राहते. संध्याकाळचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. परतताना ट्वेल्व्ह माइलवरून कूलिजकडे डावे वळण घ्यावेच लागते, आणि दिवसभर वितळलेले पाणी साडेपाचच्या सुमारास नेमके त्या वळणावर पुन्हा गोठते. सध्या अशा दिवशी मी चौक सरळ ओलांडते, पुढच्या दुकानाच्या आवारात शिरते आणि गाडी वळवून परत चौकात येऊन कूलिजवर उजवे वळण घेते. काकांना हे द्राविडी प्राणायाम वाटतात. थर्टीन माइलने परतून बघ, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि येत्या रविवारी आम्ही तो रस्ता पाहायला जाणार आहोत.