टॉम पेटीची ‘सोपी’ गाणी

गिटार हातात घेतल्यावर पहिल्या महिन्यात जी गाणी बसतात, त्यांत अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीचं एखादं असतंच. म्हणूनच बहुधा त्याला फारसं कोणी थोर गीतकारांच्या पंगतीत बसवत नाही. पहिला अल्बम १९७६चा, आणि बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बम यादीत पहिला नंबर मिळाला थेट २०१४ला, ‘हिप्नॉटिक आय’ला!

‘फ्री फॉलिन’ (१९८९, संगीतकार-निर्माता जेफ लिनसोबत लिहिलेलं) वाजवून बघा. कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या तिसऱ्या घरात. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तीनच: डी, डीसस४, एसस४. सस४ म्हणजे मेजर कॉर्डमधल्या गऐवजी म घेणारी कॉर्ड. कॅपोपासून मोजायचं: तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ही दोन बोटं शेवटपर्यंत उचलायची नाहीत. हलतात ती मधलं बोट आणि करंगळी. म्हणजे सा आणि प तानपुऱ्यासारखे सतत वाजत राहतात. बहुतेक जण एसस४ऐवजी सरळ ए मेजर धरतात. मग दुसऱ्या तारेवरचा सा अर्धा स्वर उतरतो आणि गाण्यातलं अधांतरी लटकणं संपतं. अंतऱ्याच्या आणि मुखड्याच्या कॉर्ड त्याच. फरक पाडतो तो मुखड्यात एकदम वर उडी घेणारा आवाज.

‘लर्निंग टू फ्लाय’मध्ये (१९९१) एफ, सी, एएम (ए मायनर), जी हे चक्र फिरत राहतं. गाण्याचा सा म्हणजे सी, पण सुरुवात एफवर. सी येतो तो जाता जाता, मुक्कामाला नाही. सोयीसाठी चक्र सीपासून सुरू केलंत तर तेच गाणं शाळेच्या प्रार्थनेसारखं वाटायला लागेल.

‘अमेरिकन गर्ल’च्या अंतऱ्यात डीनंतर ई मेजर आहे. डीच्या सप्तकात तिथे ईएम बसतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण ई मेजरमधला जी शार्प पुढच्या जी कॉर्डमध्ये अर्ध्या स्वराने घसरतो, आणि ती घसरण हवीच.

अर्थात सगळं श्रेय एकट्याचं नाही. ‘रेफ्युजी’सारख्या गाण्यांत गिटारवादक माइक कॅम्बेलही सहलेखक आहे.

ब्रिटिश गायक सॅम स्मिथच्या ‘स्टे विथ मी’चा मुखडा (२०१४) पेटी-लिनच्या ‘आय वोन्ट बॅक डाउन’शी जुळतो हे दिसल्यावर पेटी आणि लिन यांना प्रत्येकी साडेबारा टक्के वाटा मिळाला. कोर्टकचेरी झाली नाही. ‘असं होतं कधीकधी,’ असं म्हणून पेटीने विषय मिटवला.