प्रोटॉनचे वजन नेमके कशाचे?

शाळेत असताना ‘अणूमध्ये प्रचंड ऊर्जा कोंडलेली असते’ हे वाक्य मी पाठ केले होते आणि त्याबरोबर मनात एक चित्रही तयार झाले होते. कणगीत धान्य भरून ठेवावे तशी ही ऊर्जा कणांच्या पोटात भरलेली असणार आणि कणगीचे तोंड उघडले की ती बाहेर येणार, असे मला वाटत असे. हे चित्र चुकीचे आहे हे कळायला बरीच वर्षे लागली, कारण चूक ऊर्जेच्या कल्पनेत नव्हती, कणगीच्या कल्पनेत होती.

अणुकेंद्रकातील प्रोटॉन हा क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचा बनलेला असावा ही कल्पना मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी 1964 मध्ये स्वतंत्रपणे मांडली. पुढे काही वर्षांतच स्टॅनफर्ड येथे वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून केलेल्या प्रयोगांत प्रोटॉनच्या आत खरोखरच बारीक कण असल्याचे दिसून आले. आता आकडे पाहू. प्रोटॉनचे वस्तुमान ऊर्जेच्या भाषेत सुमारे 938 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे अतिशय लहान एकक) भरते, तर त्यातील तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम 9 दशलक्ष. म्हणजे घटकांचा वाटा एक टक्का, आणि उरलेले 99 टक्के वस्तुमान म्हणजे क्वार्कांच्या अफाट वेगाची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या बलक्षेत्राची ऊर्जा. 2008 मध्ये महासंगणकांवर या बलाच्या मूळ समीकरणांपासून सुरुवात करून प्रोटॉनचे वस्तुमान काढण्यात आले, तेव्हा ते प्रयोगात मोजलेल्या आकड्याशी काही टक्क्यांच्या आत जुळले. प्रोटॉनच्या बाबतीत कणगी आणि धान्य असे दोन पदार्थ नाहीतच. कणगी जवळजवळ संपूर्ण धान्याचीच विणलेली आहे.

हे समजल्यावर मी वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा काटा 65 किलो दाखवत होता. त्यांपैकी क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास आणि सगळ्या इलेक्ट्रॉनांचे मिळून सुमारे 20 ग्रॅम. बाकी जे काही काट्यावर उभे होते ती निव्वळ ऊर्जा होती. त्या दिवशी मी काट्यावरून लगेच उतरले नाही.

मग एखादा क्वार्क ओढून बाहेर काढता येईल का? येथे निसर्गाची रीत विलक्षण आहे. गुरुत्वाकर्षण किंवा विद्युतबल अंतर वाढले की क्षीण होते, पण क्वार्कांमधील ओढ कमी होत नाही; ते दूर सारू लागलो की त्यांच्यामधील बलक्षेत्र दोरीसारखे ताणले जाते आणि तो ताण सुमारे 16 टन वजनाइतका असतो, तोही मिलिमीटरच्या अब्जांशाहूनही कितीतरी लहान असलेल्या जागेत. ताणण्यासाठी आपण घातलेली ऊर्जा पुरेशी वाढली की तिच्यातूनच क्वार्क आणि प्रतिक्वार्क (त्याचे विरुद्ध विद्युतभाराचे जुळे) यांची नवी जोडी जन्माला येते. दोरी तुटते, परंतु सुटा क्वार्क हाती लागत नाही.

एक ग्रॅम वस्तुमानाचे पूर्णपणे ऊर्जेत रूपांतर झाले तर सुमारे अडीच कोटी युनिट वीज मिळेल. महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घराला ती दहा हजार वर्षांहून अधिक पुरेल. तारापूरच्या अणुभट्ट्या 1969 पासून वीज देत आल्या आहेत, पण तेथेही प्रोटॉनच्या आतील ऊर्जेला कोणी हात लावलेला नाही. युरेनियमचे अणुकेंद्रक दुभंगते तेव्हा प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या पहिल्याइतकीच राहते, फक्त त्यांची मांडणी बदलते, आणि या फेरमांडणीत मूळ वस्तुमानाचा हजारावा भागदेखील पुरता ऊर्जारूपाने बाहेर पडत नाही. आपण ज्याला अणुऊर्जा म्हणतो ती एवढीच.

संपूर्ण रूपांतर होते ते कण आणि प्रतिकण भेटल्यावर. पेट स्कॅन या वैद्यकीय तपासणीत शरीरातील इलेक्ट्रॉन आणि औषधातून निघालेला त्याचा प्रतिकण, म्हणजे पॉझिट्रॉन, एकमेकांना नष्ट करतात, आणि प्रत्येकी 511 हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. मात्र प्रतिकण आयते कोठे साठलेले नाहीत, ते आधी ऊर्जा खर्च करूनच निर्माण करावे लागतात.

प्रोटॉन आपणहून कधी विरघळेल का, हा प्रश्न मला सर्वांत अधिक ओढून घेतो. प्रोटॉन हा त्याच्या कुळातील, म्हणजे तीन क्वार्कांच्या कणांतील, सर्वांत हलका कण असल्याने त्याने कशात रूपांतरित व्हावे हाच पेच आहे. तरीही मूलभूत बलांना एकत्र गुंफणारे काही सिद्धांत त्याचा ऱ्हास होईल असे सांगतात. त्याचा शोध घेण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह 1980 च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, सुमारे 140 टन लोखंडाचे शोधक यंत्र उभारले. वरच्या खडकामुळे अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा गोंगाट तेथवर फारसा पोहोचत नसे. काही संशयास्पद नोंदी मिळाल्याही, पण अन्यत्रच्या मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. सोने काढण्यासाठी खणलेल्या त्या अंधारात माणसे लोखंडातील एका प्रोटॉनच्या मृत्यूची वर्षानुवर्षे वाट पाहत होती, हे मला फार हृद्य वाटते.

जपानमधील कामिओका येथे डोंगराखालच्या टाकीतील 50,000 टन पाण्यावर 1996 पासून तसाच पहारा चालू आहे. तेथील नोंदींनुसार, त्या सिद्धांतांना अपेक्षित असलेल्या प्रमुख मार्गाने ऱ्हास होतच असेल, तर प्रोटॉनचे सरासरी आयुष्य 1 वर 34 शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, आणि विश्वाचे वय अवघे 1,380 कोटी वर्षे आहे.