प्लास्टर निघाल्यावर मांडी कधी भरते?

‘मॅडम, पाय परत भरेल ना?’ प्लास्टर निघाल्यावर दोन्ही मांड्यांना मापाची टेप लावली की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा: ‘कुठली प्रोटीन पावडर सुरू करू?’ तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

भरेल. पण स्नायू भरतो तो पेशीच्या आतून, आणि ते काम रायबोझोमचं, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं विणणाऱ्या चिमुकल्या यंत्रांचं. स्नायूची पेशी लांब दोऱ्यासारखी. तिला शेकडो केंद्रकं असतात, बहुतेक कडेला, पडद्यालगत. आतली जागा आखडणाऱ्या तंतूंनी गच्च भरलेली. त्या तंतूंमधल्या फटींत आणि केंद्रकांच्या आसपास रायबोझोम असतात.

प्रत्येकाचे दोन भाग. लहान भाग केंद्रकातून आलेल्या आरएनए या रेणूवरचा निरोप, म्हणजे प्रथिन कसं विणायचं ते, वाचतो; मोठा भाग एकापुढे एक अमायनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, जोडतो. मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की ही जोडणी रायबोझोममधली प्रथिनं करत नाहीत, त्यातला आरएनएच करतो. ही रचना अणूअणूपर्यंत उलगडल्याबद्दल २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळालं. रामकृष्णन बडोद्याला शिकलेले.

वेग सेकंदाला पाच-सहा अमायनो आम्लांचा. स्नायूत स्प्रिंगसारखं काम करणाऱ्या टायटिन या प्रथिनामध्ये ती जवळपास ३४,००० असतात. म्हणजे एकच रेणू विणायला दीड-दोन तास!

पाय सहा आठवडे हलला नाही की हे विणकाम मंदावतं, जुनी प्रथिनं मात्र मोडत राहतात. मांडी उतरते ती अशी. पावडर म्हणजे नुसता कच्चा माल. डाळ, अंडी, दूध यांतूनही तो मिळतो. काम जोर धरतं ते भार पडल्यावर. तेव्हा एमटॉर नावाचं प्रथिन जागं होतं आणि पुढचा दिवसभर तरी आहेत तेच रायबोझोम जास्त राबतात. व्यायाम आठवडेच्या आठवडे टिकला, तर नवे रायबोझोम घडू लागतात. एकेकाला आरएनएचे चार रेणू आणि ऐंशीच्या आसपास प्रथिनं लागतात, त्यामुळे ते एका रात्रीत होत नाही.

सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंमुळे. टेपवरचा आकडा जागचा हलत नाही. नेमके तेव्हाच बरेच जण व्यायाम सोडतात, आणि मला फार वाईट वाटतं. म्हणून पहिला महिनाभर मी टेप काढतच नाही. खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठलात, तेवढंच विचारते.