वीस डॉलरचं अस्वल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला आणि मला आधी आठवली ती दुधाची बाटली. 1992 चा पावसाळा, मी सातवीत. आमची गाय व्यायल्यावर चौथ्या दिवशी गेली आणि मागे पाडी राहिली. शाळेला निघण्याआधी तिला बाटलीने दूध पाजणं माझ्याकडे होतं. सदऱ्याच्या बाहीला कायम आंबूस वास यायचा आणि बाकावरची मुलं नाक दाबायची. बाईंनी ते एकदा पाहिलं. रागावल्या कुणालाच नाहीत. इंग्रजीचा धडा मिटला आणि म्हणाल्या, "आज विनीची गोष्ट."

'विनी-द-पू' हे पुस्तक बाईंकडे होतं. त्यातल्या मधखाऊ अस्वलाच्या गमती त्या वाचता वाचता मराठीत सांगायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी पुस्तकाआधीची हकिकत सांगितली.

24 ऑगस्ट 1914. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलेलं. कॅनडातल्या विनिपेगहून सैनिकांना घेऊन निघालेली आगगाडी ओंटारिओमधल्या व्हाइट रिव्हर स्टेशनवर थांबली. तिथे एका शिकाऱ्याजवळ काळ्या अस्वलाचं पिल्लू होतं. आईला त्यानेच मारलेलं. हॅरी कोलबर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वीस डॉलर मोजले आणि पिल्लू घेऊन तो गाडीत चढला. आपल्या गावावरून त्याने तिचं नाव विनिपेग ठेवलं, लाडाने विनी. छावणीत ती त्याच्या खाटेखाली निजायची.

"आणि हा कोलबर्न कोण होता?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं, थेट कोंकणीत म्हणाल्या, "गोरवांचो दोतोर!" म्हणजे गुरांचा डॉक्टर.

वर्गात कुणी हसलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या पाडीचं नाव विनी झालं. आईच्या तोंडी ते बसेना, ती शेवटपर्यंत वेणीच म्हणायची.

पुढची हकिकत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. फ्रान्सच्या आघाडीवर जाताना कोलबर्नने विनीला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. ती इतकी गरीब की मुलं तिच्या पाठीवर बसायची. पुस्तकाचे लेखक ए. ए. मिल्न यांचा मुलगा क्रिस्टोफर रॉबिन तिच्यावर असा भाळला की आपल्या कापडी अस्वलाला त्याने तिचंच नाव दिलं. 'पू' हे मूळचं एका हंसाचं नाव. पुस्तक आलं 1926 मध्ये. पुस्तकातला पू 'तो' आहे, खरी विनी मादी होती, हे ऐकून मुली खूश झाल्या होत्या.

मला मात्र कोलबर्नच पुरून उरला. युद्ध संपल्यावर विनीला कॅनडात न्यायचं त्याच्या मनात होतं. पण ती मुलांत रमलेली पाहून 1919 मध्ये त्याने तिला कायमची तिथेच ठेवली. पुढे मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि आज गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोठे फिरतो. स्वतःच्या हाताने जगवलेलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला सोडून यावं लागतं तेव्हा घशाशी काय येतं, ते मला माहीत आहे. त्या माणसाबद्दल फार कमी लिहिलं जातं, याची मला खंत वाटते.

विनी 1934 मध्ये गेली. तिची कवटी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात आहे आणि 2015 मध्ये ती लोकांना पाहायला ठेवली गेली. म्हातारपणी तिचे बरेच दात पडले होते, हिरड्यांच्या जुनाट रोगाने हाड झिजलं होतं. वयामुळे असेल, मुलांनी प्रेमाने भरवलेल्या गोडामुळेही असेल. ते वाचलं आणि बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयाची शाळेची सहल आठवली. हरणांपुढे बिस्किटं धरणारे आमचे हात बाईंनी एकेक करून मागे घेतले होते.

मी बाईंना फोन करून कवटीचं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच विचारलं, "दुखत असेल रे तिला?"

"हो बाई," मी म्हणालो, "खाताना दुखत असणार."