रविवारची संगणक खोली

१९९८ साली दारव्ह्यात घरी संगणक असणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि आपल्या शाळेत तर तारेने एकमेकांना जोडलेले सहा संगणक होते, ही गोष्ट आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या आम्हा मुलांना फार मोठी वाटत असे. आठवडाभर त्या खोलीत तासिका चालत. एका यंत्रासमोर तिघे-चौघे दाटीने बसत आणि बेसिक या संगणकभाषेतला प्रोग्राम आधी वहीत लिहून मगच कळफलकाला हात लावायचा, असा दंडक होता. रविवारी दुपारी मात्र संगणकाचे सर स्वतः येऊन खोली उघडत, आणि ज्याची प्रयोगवही पूर्ण असेल त्याला खेळू देत. शाळेने मला जे दिले त्यात त्या रविवारांचे स्थान फार वरचे आहे, हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे.

चपला बाहेर काढून आत जायचे, यंत्रांवरची कापडी आवरणे घडी करून ठेवायची आणि मग जोडणी तपासायची, हा क्रम ठरलेला असे. त्या काळची जोडणी आजच्यासारखी नव्हती. एकच काळी, जाड तार सगळ्या यंत्रांच्या मागून फिरत असे. प्रत्येक यंत्रापाशी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पितळी जोड आणि तारेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे एकेक टोपण. दिवाळीच्या माळेतला एक दिवा निखळला की सगळी माळ विझते, तसेच तिथे होई. कोणाचा पाय लागून एक जोड ढिला झाला की सहाही यंत्रांवरचा खेळ जागीच थांबे, ‘कोणाचा सुटला बे?’ असा पुकारा होई, आणि मग आम्ही बाकाखाली शिरून एकेक जोड हाताने फिरवून पाहत असू. सर त्या वेळी कधीही स्वतः वाकले नाहीत. ‘टोकाकडून सुरू करा, मधून नको,’ एवढेच सांगत. पुढे मी दूरसंचाराच्या कामात आलो. बिघाड शोधताना एका टोकाकडून सुरुवात करण्याची माझी सवय तिथली आहे.

पहिला खेळ आला तो ‘डूम’. १९९३ साली निघालेल्या त्या खेळाचा पहिला भाग वाटण्यास मोकळा होता आणि दोन फ्लॉप्यांत मावत असे. अमरावतीला शिकणाऱ्या एका मित्राच्या थोरल्या भावाने त्या आणून दिल्या. एका वेळी चौघांना खेळता येई आणि खोलीत तर पंधरा-वीस मुले असत. म्हणजे बहुतेकांना बहुतेक वेळ उभे राहूनच काढावा लागे, आणि माझ्या मते त्या मेळ्याचा खरा गाभा तिथेच होता. खुर्चीमागे उभा असलेला मुलगा रिकामा नसे. तो वाटा लक्षात ठेवी, दारूगोळा मोजी, पुढच्या वळणावर कोण दबा धरून असेल ते आधीच सांगे. खेळणाऱ्याचे डोळे पडद्यावर आणि कान मागे असत. हरलेल्याने उठून जागा द्यायची, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडलेला मला आठवत नाही.

मग ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला आणि खोलीचा नूरच पालटला. १९९७ च्या या खेळात माणसे जमवायची, लाकूड, धान्य, दगड, सोने गोळा करायचे आणि पाषाणयुगातून लोहयुगापर्यंत जायचे. ५० धान्य मोजले की एक कामकरी मिळे. एकूण माणसे ५० च्या वर जात नसत, म्हणून शेतीवर किती आणि सैन्यात किती याचा हिशेब सतत करावा लागे. शेत घालायला ७५ लाकडे लागत, आणि त्यातून २५० धान्य निघाले की ते शेत संपून जाई, पुन्हा नव्याने घालावे लागे. आमच्यातले निम्मे तरी कापूस-तुरीच्या घरचे होते. त्यांना लढाईपेक्षा या हिशेबात अधिक गती होती. जिनिंगच्या मुनिमाचा मुलगा वर्गात फारसा बोलत नसे, पण मागे उभा राहून तो ‘अबे, तुहं वावर संपत आलं, पहिले लाकडं तोड!’ असे इतक्या अधिकाराने सांगे, की दोन्ही बाजूंना तो आपल्याच खुर्चीमागे उभा हवा असे.

दहावीनंतर आम्ही पांगलो. सुट्टीत गावी आलो की बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी घडवलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत असू. तिथेही जो आधी मारला जाई त्याला डाव संपेपर्यंत नुसते पाहत बसावे लागे, आणि तो शेजारच्याची उमेद वाढवत बसे. २००५ च्या सुमारास भारनियमन इतके वाढले, की कॅफेत खेळण्यापेक्षा वीज येण्याची वाट पाहण्यातच अधिक वेळ जाऊ लागला. त्या अंधारात ओट्यावर बसून आलुबोंडे खात आम्ही अर्धवट राहिलेला डाव तोंडीच पुढे नेत असू, आणि त्याचीही गोडी कमी नव्हती.

माझा पुतण्या मोबाइलवर खेळतो. त्याचे सवंगडी पुण्यापासून पाटण्यापर्यंतचे आहेत आणि त्यांच्याशी त्याची मैत्री खरी आहे, हे मी जवळून पाहिले आहे. पण त्याच्या मागे उभे राहायला कोणाला जागा नाही. पडदा तळहाताएवढा, आवाज फक्त त्याच्या कानात. घरात शेजारी बसलेल्या सख्ख्या बहिणीलाही तो जिंकला की हरला ते विचारावे लागते. मला याचे मनापासून वाईट वाटते.

म्हणून आमच्या तुकडीने शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी एक ठरवले आहे. चार जुने संगणक दुरुस्त करून झाले आहेत आणि ती काळी तार जोडांसह मिळाली आहे. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्याच खोलीत आम्ही ती जोडणार आहोत. पहिला डाव सध्याच्या नववीच्या मुलामुलींचा असेल आणि आम्ही मागे उभे राहू. टोकाला लावायचे एक टोपण अजून कमी आहे. कोणाच्या घरी असेल तर त्यांनी ते सोबत आणावे.