दुपारी अडीचची दहावी

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "काकू, सतरा नंबरचा फॉर्म भरला की घरी बसून दहावी देता येते म्हणे. खरंय?" खरं होतं. बाहेरून दहावीला बसायचं तर किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण, एवढीच राज्य मंडळाची अट. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या, वय ४३. बँकेतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं, दुपार मोकळी होती. मी हो म्हटलं आणि आठवड्याभरात पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतून आणखी चौघी आल्या.

फॉर्म ऑनलाइन, पण अडलं ते कागदावर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एकीचा मूळ दाखलाच हरवलेला, म्हणून तिच्या गावच्या शाळेतून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर, मुलगा कामावर. तीन आठवडे त्यातच गेले.

वर्ग वस्तीतल्या समाजमंदिरात, अडीच ते चार. सकाळची कामं उरकलेली आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात, तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. बालभारती इथेच सेनापती बापट रस्त्यावर, तरी आमची पुस्तकं आधी मोबाइलमध्येच आली. तिच्या संकेतस्थळावर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात.

सुरुवातीला मी रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर उजळणी ठेवली. दोनच दिवस चालली. दहा बाय दहाची खोली, टीव्ही चालू, दमून झोपलेला नवरा, आणि कॅमेऱ्यात घर दिसतं याचा संकोच. तो संकोच मला आधी कळायला हवा होता. मग गूगल फॉर्मवर चाचण्या घेतल्या. पर्याय निवडून दहापैकी आठ मिळायचे, पण तेच गणित वहीत मांडायला सांगितलं की पेन थांबायचा. परीक्षा कागदावर होती, बीजगणिताच्या ४० गुणांना दोन तास. चाचण्या बंद केल्या आणि रोज दोन पानं हाताने लिहायची असं ठरवलं. वीस-पंचवीस वर्षांनी पेन धरलेल्या हाताला वेग यायला दिवाळी उलटून गेली.

टिकलं ते व्हॉट्सॲपवरचं बोलणं. वर्गात "समजलं का?" विचारलं की पाचही माना हलायच्या. रात्री मात्र एकेकीचा आवाजातला निरोप यायचा, गटावर नाही, मला एकटीला: "काकू, ते छेदाचं परत सांगा ना." मी दोन मिनिटांत सांगून पाठवायचे. ताईंनी एक निरोप अकरा वेळा ऐकला, भांडी घासताना कानात लावून. "तुम्हाला अकरा वेळा विचारलं असतं का मी? मोबाइल चिडत नाही," त्या म्हणाल्या. मी कधी चिडले नव्हते, तरी ते वाक्य माझ्या मनात राहिलं. त्यानंतर वर्गात "समजलं का?" विचारणं मी सोडलं.

यूट्यूबचंही तसंच. वेग ०.७५ वर ठेवला की शिकवणाऱ्याचं बोलणं पेलतं, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. रोजचा डेटा दुपारपर्यंत मुलं संपवायची, म्हणून आमच्या घरच्या वायफायवर आठवड्याचे व्हिडिओ ॲपमध्येच उतरवून ठेवायचो. त्याआधी सगळ्यांच्या मोबाइलमधल्या शुभ सकाळच्या चित्रांची साफसफाई करावी लागली, कारण जागाच शिल्लक नव्हती.

भूमितीचा एक दिवस मात्र सविस्तर सांगायलाच हवा. वर्तुळाचं प्रकरण चाललं होतं. अर्धवर्तुळात आंतरलिखित झालेला कोन काटकोन असतो, हे प्रमेय मी दोनदा सिद्ध करून दाखवलं, चेहरे कोरेच. मग जिओजेब्रा उघडलं. हे मोफत ॲप इंटरनेट नसतानाही चालतं. त्यावर वर्तुळ काढलं, व्यास काढला, परिघावर एक बिंदू घेऊन कोनाचं माप दाखवलं: ९०. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या हातात मोबाइल दिला आणि बिंदू परिघावरून सरकवायला सांगितलं. त्या सरकवत गेल्या. ९०. अगदी व्यासाच्या टोकाजवळ नेला, तरी ९०. बाकीच्या चौघी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मग त्यांनी व्यासाचंच एक टोक हलवलं. माप बदललं, पण वरचा बिंदू जीवेच्या त्याच बाजूला फिरवला तर नवं मापही तसंच राहिलं. "म्हणजे कोन कुठं बसलाय त्याला महत्त्व नाही. खालची जीवा कोणती, ते बघायचं," त्या म्हणाल्या. आंतरलिखित कोनाचं प्रमेय त्या आपल्या शब्दांत सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या शिवणाचा गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, घेऊन आल्या. ताट उपडं ठेवून कागदावर गोल काढला, गुण्याचा कोपरा परिघावर टेकवला आणि त्याच्या दोन बाजू गोलाला जिथे छेदत होत्या ते बिंदू जोडले. तो व्यास. गुण्या फिरवून दुसरा व्यास. दोघं छेदले तिथे केंद्र. घेर कापताना इतकी वर्षं त्या मध्य अंदाजाने धरत होत्या. हे त्यांना ना मी सांगितलं होतं, ना कुठल्या व्हिडिओने.

बीजगणितातल्या अर्थनियोजनाच्या प्रकरणाला वेळच लागला नाही. औषधाच्या बिलावरचा जीएसटी केंद्राचा आणि राज्याचा असा निम्मा-निम्मा विभागलेला त्यांनी पाहिला आणि पुढे गेल्या.

२०२५ च्या परीक्षेला चौघीच बसल्या; एकीच्या सुनेचं बाळंतपण आलं. १३ मे रोजी दुपारी एकला निकाल. संकेतस्थळावर बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. ताईंनी मला हात लावू दिला नाही. त्यांची आई निरक्षर होती, ताईंना सातवीनंतर शेतावर तिनेच नेलं होतं. तिचं नाव इंग्रजी अक्षरांत एकेक कळ शोधून त्यांनी लिहिलं, दोनदा तपासलं आणि मग बटण दाबलं. ५४ टक्के.

तिघी पास झाल्या. चौथीचं गणित राहिलं, तेही भूमितीत, भौमितिक रचनांमध्ये. जूनच्या शेवटच्या आठवड्यात फेरपरीक्षा होती. शिवणवाल्या ताई मोबाइल डब्याला टेकवून, कंपास धरलेला हात वरून दिसेल असा, रोज एका रचनेचा व्हिडिओ तिच्यासाठी काढायच्या. त्यातला एक वर्तुळाच्या स्पर्शिकेचा होता, चार मिनिटांचा. ती तो ०.७५ वर बघायची.