'ऱ्या'ची कोंडी फुटली: शिरोरेषा स्टेन्सिलबाहेर

मागच्या नोंदीत बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातील शाळेची भिंत आणि 'ऊस तोडणाऱ्यांची लेकरं शाळेतच राहतील' हे वाक्य निश्चित झाल्याचे लिहिले होते. त्यानंतर ते वाक्य स्टेन्सिलने, म्हणजे अक्षरे कापलेल्या शीटवरून रंग टिपून, भिंतीवर उमटवण्याचे सगळे काम 'ऱ्यां' या एका अक्षरगटापाशी अडले होते. तो गट आता भिंतीवर स्वच्छ उमटला आहे आणि रस्त्यापलीकडून तिसरीतली मुले तो न अडखळता वाचत आहेत.

अडचण अशी होती. 'ऱ्य'मधला चंद्रकोरीसारखा र आणि य यांच्यामध्ये शीटची जी बारीक पट्टी उरते, ती रंगाच्या ओलाव्याने उचलली जाते. खाली रंग झिरपतो, फट बुजते आणि दुरून 'तोडणायांची' असे दिसते. रफार देऊन सुटका करून घेण्याचा सल्ला काहींनी दिला, पण तो मला मान्य नाही. दर्या आणि दऱ्या यांतला भेद आपल्या लिपीने जपलेला आहे, आणि मुले ज्या भिंतीवरून वाचायला शिकतात तिथे तर तो जपलाच पाहिजे. 'एक टाइप' या अक्षररचना संस्थेच्या 'मुक्ता' या फॉन्टमध्ये हा र सुरेख बसतो, म्हणून त्याच्या वळणावरून रेखाटन केले होते. परंतु पडद्यावर पुरेशी वाटणारी फट चुन्याच्या खरखरीत भिंतीवर टिकत नाही.

उपाय सापडला तो शिरोरेषेकडे पाहताना. शिरोरेषा कापली की शीटमध्ये लांबच लांब खाच पडते, शीट लुळी होते आणि ण, य, स यांची पोटे वरून बंद झाल्यामुळे प्रत्येक ठिकाणी पूल, म्हणजे आतला तुकडा गळून पडू नये म्हणून न कापलेल्या पट्ट्या, ठेवावे लागतात. म्हणून शिरोरेषा कापायचीच नाही, असे ठरवले. गेरूत बुडवलेल्या सुताने भिंतीवर रेघ मारली, अक्षरांचे दांडे शिरोरेषेच्या जाडीत थोडे वर जातील असे कापले आणि शेवटी चपट्या ब्रशने हातानेच शिरोरेषा ओढली. पूल आता फक्त क, च आणि ळ यांच्या पोटात उरले आहेत. चंद्रकोरीचा र वेगळ्या शीटवर घेतला. पहिला थर वाळल्यावर कोपऱ्यांतील खुणा जुळवून तो मारला की मधली नाजूक पट्टी लागतच नाही. हाताने ओढलेल्या शिरोरेषेमुळे छाप्याचा कोरडेपणा गेला आणि ओळीला रंगाऱ्याच्या हाताची ऊब आली, याचा आनंद फार मोठा आहे.

शीटबद्दल माझे मत पक्के झाले आहे: 125 मायक्रॉनची शीट कापायला सोपी असली तरी भिंतीसाठी 250 मायक्रॉनचीच घ्यावी. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील स्टेशनरीच्या दुकानांत ती मिळते. रंग घट्ट ठेवून स्पंजने टिपावा.

फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये याच अक्षरांचा पूर्ण फॉन्ट करण्याची योजना मी येथे मांडणार होतो, पण लिहिता लिहिताच ती मागे टाकत आहे. दुसऱ्या शीटवर चंद्रकोरीच्या रासोबत अनुस्वार, मात्रा आणि शिरोरेषेवरच्या वेलांट्याही घेता येतील, आणि मग सुट्या अक्षरांचा संचच तयार होईल; शाळा व्यवस्थापन समितीतील पालक तो घेऊन आपापल्या वस्तीवर स्वतः लिहू शकतील. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. हंगामी वसतिगृहात मुलांना ठेवता येते, हे त्याआधी वस्तीवस्तीवर वाचले गेले पाहिजे. 6 ते 14 वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 मध्ये झाला. तो हक्क टोळीबरोबर फडावर गेलेल्या मुलापर्यंत पोहोचायचा असेल, तर आमच्यासारख्या अक्षरकारांना येथे नक्कीच काम आहे.

व्यवसायाच्या दृष्टीनेही एक पाऊल पुढे पडले. भिंत पाहून एका महिला बचत गटाने पापडाच्या पाकिटावरील नावाचे काम दिले, आणि तेही ठरलेल्या मोबदल्यावर. शाळेच्या भिंतीचे पैसे मी घेत नाही, मात्र विक्रीच्या मालावरील अक्षरांचे घेतो. सुरुवात करणाऱ्यांनी ही सीमारेषा पहिल्याच भेटीत सांगावी, असे माझे ठाम मत आहे.

आता 'ज्ञ' आणि 'क्ष' यांच्या शीट कापायला घेतल्या आहेत. 'श्र'ची तिरपी रेघ दुसऱ्या शीटवर घ्यावी की पहिल्याच, हे त्यांच्या चाचणीनंतर ठरवेन.